वर जायची एक जागा

देवीलालचा वस्तरा गळ्यावर असताना तो म्हणाला, "काल बादलसर येऊन गेले. याच खुर्चीत बसलते. म्हणे, खरं पाह्यलं तर अमरची टीम वर जाले पाह्यजे होती, आमच्यापेक्षा चांगली हाय." मी मान हलवली नाही. फक्त आवंढा गिळला आणि तेवढ्यानं कापलं. देवीलाल घाबरला. "हलले काहून भाऊ?" म्हणाला आणि तुरटीचा खडा ओला करून फिरवू लागला. झोंबलं. झोंबलं ते बरंच झालं, डोळ्यांत पाणी यायला चारचौघांत सांगता येण्यासारखं कारण मिळालं. मागच्या बाकावर दोघं जण एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन वाचत होते, ते मला आरशात उलटे दिसत होते, आणि मी विचार करत होतो की या बादलला दाढी करायलाही नेमकी हीच खुर्ची सापडावी? अख्ख्या वणीत दुकानांचा काय दुष्काळ पडला आहे? आणि करायची तर गुपचूप करावी. 'अमरची टीम चांगली' असं देवीलालला सांगून जायचं म्हणजे ते संध्याकाळपर्यंत गावभर होणार, हे त्याला माहीत नाही काय? की खरंच माहीत नाही? माझी अडचण हीच आहे. बादल पक्का लबाड आहे की नुसताच चांगला आहे, हे मला तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. लबाड असता तर माझी झोप इतकी उडाली नसती.

शर्टाच्या खिशात अर्ज होता. घडी करून ठेवलेला, घामानं थोडा मऊ झालेला. अकरा वाजता लीगच्या खोलीत बैठक होती आणि तिथं तो द्यायचा होता. अर्जाच्या खाली नाव माझं, अमर पिदुरकर, राजूर संघाचा सचिव आणि प्रशिक्षक, सही मात्र अजून केली नव्हती. पेन सापडत नव्हतं असं मी आदल्या दिवशी पोरांना सांगितलं होतं, आणि खाणीच्या वजनकाट्यावर बाबूगिरी करणाऱ्या माणसाजवळ पेन नाही यावर कोणी शंकाही घेतली नाही, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास.

आमच्या जिल्हा लीगमध्ये दोन गट आहेत, वरचा आणि खालचा. दोन्हींत आठ-आठ संघ. दरवर्षी वरच्यातला एक खाली येतो आणि खालच्यातला एक वर जातो. एकच. आम्ही राजूरवाले नऊ वर्षं खालच्या गटात आहोत, त्यातली तीन वर्षं दुसरे आलो. दुसरं येणं म्हणजे काय ते सातव्या येणाऱ्याला कळत नाही. तो सुखी असतो, त्याला पोटभर हरलेल्या माणसाची झोप लागते. दुसऱ्याला मात्र पूर्ण उन्हाळा जुने गोल आठवत काढावा लागतो. यंदा सात सामने संपले तेव्हा आमचे सोळा गुण आणि बादलच्या बाभुळगावचेही सोळाच. आमची आपसातली मॅच एक-एक सुटलेली. मग नियमाप्रमाणे गोलफरक बघायचा, मारलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करायचे. आमचा आला बारा. त्यांचा तेरा. जानेवारीतल्या एका सामन्यात आम्ही चार-शून्यनं पुढे होतो, खेळ संपत आला होता, आणि आमच्या गोलकीपरनं रस्त्यावरून जाणाऱ्या कोण्या ओळखीच्याला हात केला. तेवढ्यात बॉल त्याच्या बगलेतून आत गेला. आम्ही हसलो होतो. मीही हसलो होतो, मैदानाबाहेर उकिडवा बसून अगदी पोट धरून. आता गेले दोन दिवस तो बॉल माझ्या डोळ्यांपुढून सावकाश आत जातो, आणि मी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा चेहरा आठवायचा प्रयत्न करतो. कोण होता तो हरामखोर?

हा न्याय आहे का, असं पोरं विचारतात. दोन संघ सारख्याच ताकदीचे, सारखेच गुण, आणि एका गोलानं एक वर आणि एक खाली? दोघांनाही वर नेलं तर काय आभाळ कोसळणार आहे? त्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगितलेलं नाही, की हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी लीगच्या बैठकीत बादलनं विचारला होता. त्यानं रीतसर सूचना मांडली होती: खालच्या गटातून दोन संघ वर घ्या, एका जागेसाठी पोरं उगाच मरतात. हात वर करून मतं घेतली. सहा बाजूनं, सात विरुद्ध. त्या वर्षी बाभुळगाव दुसरं होतं आणि आम्ही तिसरे. मी उभा राहून खेळाचा दर्जा, शिस्त, परंपरा असं बरंच काही बोललो होतो, आणि माझं भाषण ऐकून कोणा एकाचा वर जाणारा हात खाली आला होता हे मी स्वतः पाहिलं होतं. घरी येऊन मी तीन पोळ्या जास्त खाल्ल्या. आता तो नियम असता तर आम्ही दोघंही वर गेलो असतो. पण मला दोघांनी जायला नको होतं ना. मला त्याच्याबरोबर कुठं जायचंच नव्हतं.

"झालं भाऊ," देवीलाल म्हणाला आणि मानेवरचं फडकं झटकलं. बाहेर सोनू गाडी घेऊन उभाच होता. सोनू आमचा कप्तान, खाणीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर, एकोणतीस वर्षांचा. बोलण्यात फार नाही, पण मैदानात त्याच्यासारखी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली. मी मागे बसलो. मार्चचं ऊन साडेदहालाच अंगाला लागत होतं. कोळशाचे ट्रक चंद्रपूरकडे ओळीनं निघाले होते, ताडपत्रीखालून काळी भुकटी उडत होती, आणि सोनू मान न वळवता म्हणाला, "भाऊ, सही केली नं?"

"करतो न तिथं गेल्यावर."

"आपली बाजू पक्की हाय. शेवटच्या फेरीच्या दोन्ही मॅची एकाच टायमाले सुरू झाल्या पाह्यजे, नियमात लिहून हाय. त्यायची पस्तीस मिनटं लेट झाली. आपली संपली तवा त्यायले माहीत होतं किती मारा लागते ते. हे काय खेळनं होय? पेपर फुटल्यासारखं झालं हे तं."

"हो."

"यंदा नाही झालं तं मी बूट काढतो भाऊ. बायको म्हनून राह्यली, आता पुरे. एक डाव वरच्या गटात खेळाचं, बस."

मी पुन्हा हो म्हणालो. त्याच्या पाठीला घामाचा मोठा डाग पडला होता, तो मी रस्ताभर पाहत राहिलो. सोनूचं म्हणणं अगदी खरं होतं. आमची मॅच राजूरच्या मैदानावर बरोबर चारला सुरू झाली. बाभुळगावची वणीच्या मैदानावर चार पस्तीसला. आम्ही तीन-शून्य जिंकून उड्या मारत होतो तेव्हा तिकडे दुसरा डाव नुकताच लागला होता आणि ते दोन-शून्यनं पुढे होते. त्यांना कळलं की सहा पाहिजेत. पाच झाले तर आमची त्यांची बरोबरी, सहा झाले तर ते वर. हे कळल्यावर बादलनं बचावातले दोघं पुढे पाठवले म्हणे, कारण सहा झाले नाहीत तर गोल खाल्ला काय आणि न खाल्ला काय, सारखंच. आम्हाला हे माहीत असतं तर आम्हीही शेवटची वीस मिनिटं बॉल कोपऱ्यात नेऊन वेळ काढत बसलो नसतो, चौथा मारला असता, पाचवा मारला असता. आम्ही आंधळे खेळलो आणि ते डोळस. सहावा गोल अगदी शेवटी झाला. मी तो पाहिला नाही. फोनवर आला.

त्यांना कळलं कसं? लीगचा ग्रुप आहे, त्यावर निकाल टाकायची पद्धत आहे. आमची शिट्टी वाजताच कोणीतरी टाकलं, 'राजूर ३-०', पुढे तीन फटाके. सोनूला वाटतं आमच्या पोरांपैकी कोणीतरी उत्साहात टाकलं असेल. मीच टाकलं. अजून शिट्टी रेफ्रीच्या तोंडात होती. बादलला दिसावं म्हणून टाकलं. त्याचा चेहरा कसा होईल त्याची कल्पना करत मी पाच मिनिटं फोनकडे पाहत उभा होतो, आणि पोरं मला उचलायला आली तेव्हा थांबा रे म्हणालो.

बादलचा बाप देवसिंग आडे राजूरला चुनाभट्टीवर कामाला होता, बाभुळगावकडच्या तांड्यातून आलेला. आमची शेती होती, कपाशी आणि तूर, गावात मान होता. चुन्यानं पांढरं झालेलं ते पोरगं अनवाणी मैदानावर आलं तेव्हा आम्ही त्याला गोलमध्ये उभं केलं, कारण नव्या पोराला गोलमध्येच उभं करतात. आठ दिवसांत ते पुढे खेळायला लागलं आणि मी त्याच्या बाजूला. आम्ही दोघं मिळून आजूबाजूच्या सगळ्या गावांना हरवलं. तो आपल्या आईला याडी म्हणायचा, म्हणून मीही रुपीबाईला याडी म्हणू लागलो, तर माझ्या आईनं, इंदुताईनं, "घरी आई मेली काय तुयी?" म्हणून विचारलं होतं. तीच आई आज मी घरी गेलो की आधी विचारते, "बादल भेटलता काय रे? बरा हाय नं?" मी बरा आहे की नाही हे विचारायला तिला जेवणाची वेळ व्हावी लागते. अठराव्या वर्षी नागपूरच्या संघासाठी निवड होती. आमच्या भागातून एकच जागा उरली होती आणि आम्ही दोघं. निवडायला आलेल्या माणसानं आम्हाला पाच-पाच पेनल्टी मारायला लावल्या. माझ्या चार आत गेल्या, त्याच्याही चार. पळायला लावलं, बरोबरच पोचलो. मग त्या माणसानं घड्याळात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बोट केलं. "हा." कारण सांगितलं नाही. त्या बोटात काय होतं ते मी आजपर्यंत शोधतो आहे. पण ते बोट मी कधीच माफ केलं आहे, कोणाकडे तरी वळायचंच होतं ते. मी माफ केलं नाही ते बादलचं बोलणं. तो पुढे होऊन म्हणाला, "सर, दोघायले घ्या नं." असं म्हणायचं असतं काय? जिंकलेल्यानं गुमान निघून जावं, हरलेल्याला निदान शिव्या द्यायला जागा ठेवावी.

एका हंगामात त्याचा गुडघा गेला आणि तो परत आला. ती बातमी ऐकून मला आनंद झाला होता. इतका की मला स्वतःचीच भीती वाटली, आणि मी मोसंबी घेऊन त्याला भेटायला गेलो. पुढं आमचं शेत खाणीत गेलं, त्या बदल्यात मला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. देवसिंगचं काय जाणार? जमीनच नव्हती तर बदल्यात काय मिळणार? ते सगळे बाभुळगावकडे परत गेले. बादल तिथं एका शाळेत खेळ शिकवतो, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, दर उन्हाळ्यात नोकरी जाते आणि दर पावसाळ्यात परत लागते. सगळं माझ्याकडे आहे आणि त्याच्याकडे काही नाही, हे मी रोज सकाळी मनाशी घोकतो. मग मैदानावर त्याला पाहतो. तो पालथ्या बादलीवर बसतो, ओरडत नाही. त्याचं पोरगं बदली होऊन बाहेर आलं की सरळ त्याच्याजवळ जाऊन बसतं, कधी गुडघ्यावर कोपर टेकवून. माझी पोरं बाहेर आली की लांबच्या टोकाला जाऊन बसतात. मी कधी कोणाला मारलं नाही, कोणाला वाईट बोललो नाही. तरी लांब बसतात. त्या पालथ्या बादलीचा मला इतका राग आहे की एकदा मी तशीच बादली घेऊन बसून पाहिलं. पाठ दुखली फक्त.

आता टँकरचं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण ते टाळून पुढं जाता येत नाही, गेले दोन दिवस मी तेच करून पाहिलं. आमच्याकडे मैदानं काळी असतात. वाऱ्याबरोबर रेल्वेच्या सायडिंगवरून कोळशाची भुकटी येते आणि मार्चमध्ये तर पाऊल टाकलं की धूर निघाल्यासारखी धूळ उठते. म्हणून मॅचच्या आधी पाणी मारावं लागतं. खाणीच्या रस्त्यावर पाणी मारणारा ठेकेदाराचा टँकर आहे, तो मी दरवेळी सांगून मागवतो, आणि तो आधी राजूरच्या मैदानावर एक हात मारून मग वणीच्या मैदानावर जातो. वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. रविवारी तीन वाजता श्रावण टँकर घेऊन आला, त्यानं पूर्ण मैदान भिजवलं, झकास भिजवलं, मातीचा वास सुटला. नळ बंद करून तो म्हणाला, "निघतो बाबूजी, वणीवाले वाट पाहून राह्यले." मी म्हणालो, "अजून एक हात मार." तो म्हणाला, "पानी खतम झालं नं, आता भरून वणीलेच न्याचं हाय." मी म्हणालो, "आधी इकडं आण भरून." त्यानं मैदानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मैदानात गरज नव्हती, हे त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं. पंपावर जाऊन भरून यायला अर्धा तास लागतो, तेही दोघांना माहीत होतं. बादलची पोरं बॉल जमिनीवरून खेळतात, छोटे छोटे पास देत. कोरड्या धुळीत बॉल भलतीकडे पळतो आणि माती डोळ्यांत जाते. मला एवढंच हवं होतं की त्यांनी चार वाजता कोरड्या मैदानावर सुरुवात करावी. आमच्याकडे कोणी थांबत नाही, टँकर आला तर आला, नाही तर शिट्टी. पण वणीच्या मैदानावरच्या रेफ्रीनं पंधरा दिवसांपूर्वी एका पोराच्या डोळ्यात खडा गेलेला पाहिला होता, तो अडून बसला, पाणी पडल्याशिवाय शिट्टी वाजवणार नाही. आणि थांबले. पस्तीस मिनिटं. मी बादलसाठी धूळ राखून ठेवली होती, त्याला वेळ मिळाला. अर्जातल्या ज्या पस्तीस मिनिटांवर आमची सगळी बाजू उभी होती ती माझ्या हातची होती, आणि खाली सहीही माझीच व्हायची होती.

लीगची खोली मैदानाच्या मागे आहे. एक लांब टेबल, ढालींचं कपाट, पंखा. अध्यक्ष किसनराव ठावरी, निवृत्त मुख्याध्यापक, चष्मा कपाळावर ठेवून बसले होते, आजूबाजूला समितीचे आणखी दोघं. बादल आधीच आला होता, एका कोपऱ्यात स्टुलावर. ताजी दाढी, इस्त्री नसलेला पांढरा शर्ट. मला पाहून हसला. माझ्या गळ्याकडे बघून त्यानं स्वतःच्या गळ्याला बोट लावून, काय झालं, असं खुणेनं विचारलं. मी दुसरीकडे पाहिलं. सोनूनं माझ्यापुढे पेन धरलं. मी सही केली. माझी सही लांबलचक आहे, काट्यावर दिवसातून दोनशेदा करतो, ती त्या दिवशी आखूड आली.

किसनरावांनी अर्ज मोठ्यानं वाचला आणि बादलकडे पाहिलं. "बोला आडे सर. तुमचं काय म्हणनं हाय?"

बादल उठला. "राजूरचं म्हणनं बरोबर हाय सर. टँकर उशिरा आला, धूळ होती, रेफ्रीनं थांबवलं. टँकरवाल्याची काही चूक नाही. पण आमाले माहीत होतं किती पाह्यजे ते. त्यायले नव्हतं माहीत. हे काही बराबर नाही झालं."

"मग?"

"मग आमच्या दोघायची मॅच लावा न. येत्या रविवारी. जो जिंकन तो वर जाईन."

आम्ही काय काय तयारी करून आलो होतो, नियमांची पुस्तकं, रेफ्रीच्या कागदाचा फोटो, आणि हा माणूस उठून सगळं देऊन बसला. वर गेलेला संघ परत खाली उतरून आमच्याशी खेळायला तयार. सोनूचा श्वास मला ऐकू आला. किसनरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बादलकडे नीट पाहिलं, आपल्या हातून शिकून गेलेल्या एखाद्या गुणी पोराकडे पाहावं तसं. "याले म्हनते खेळाडू," ते बाजूच्या दोघांना म्हणाले. "चाळीस वर्षं लीग पाहून राह्यलो, असं बोलनारा मानूस पहिल्यांदा पाह्यला." दोघांनी माना डोलावल्या. आणि सोनू. सोनू बादलकडे पाहत होता. आठ वर्षं मी त्याला खेळवलं, त्याच्या लग्नात वाढलं, त्याचा घोटा सुजला तेव्हा गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. अशा नजरेनं बघणारी पोरंच जाऊन गुडघ्यावर कोपर टेकवत असतील.

मी गप्प बसायला हवं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. किसनराव तारीख लिहायला कागद ओढत होते, रविवारी मॅच होणार होती, आणि आम्ही चांगले होतो, खरंच चांगले होतो, आम्ही जिंकलोही असतो. पण जिंकलो असतो तरी लोक म्हणाले असते, बादलनं संधी दिली. हरलो असतो तरी त्याचंच नाव झालं असतं. आणि तेवढ्यात बादलनं माझ्याकडे पाहिलं, जरासंच, काळजीनं पाहावं तसं, आणि मला कळलं की त्याला टँकरचं माहीत आहे. 'टँकरवाल्याची चूक नाही' हे तो उगीच नव्हता म्हणाला. सगळं ठाऊक असून यानं मला झाकलं होतं. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी त्याचं देणं लागावं, जन्मभर, आणि त्यानं ते कधी बोलूनही दाखवू नये, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"टँकर मी थांबवला होता," मी म्हणालो.

किसनरावांचा हात थांबला. "काय म्हनलं?"

"श्रावणला मी परत पाणी भरायला पाठवलं. गरज नव्हती. बादलची पोरं धुळीत खेळावी म्हणून."

लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मला वाटलं, आता बघू कोण मोठा. मी प्रामाणिकपणाच्या ओढीनं बोललो असं नंतर एक-दोघं म्हणाले, आईही म्हणाली, पण ते खोटं आहे. खोलीतला सगळा मान एकटा बादल घेऊन चालला होता, त्यातला थोडा मला ओढून घ्यायचा होता, त्यासाठी माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, एवढंच.

पुढचं दहा मिनिटांत आटोपलं. ज्या संघाच्या सचिवानंच उशीर घडवला त्याला उशिराबद्दल तक्रार करता येत नाही, किसनराव म्हणाले, अर्ज फेटाळला, बाभुळगाव वर. मला दोन वर्षं लीगच्या कुठल्याही कामात बंदी. "वाईट वाटते पिदुरकर," ते म्हणाले, "पण पोट्ट्यायले काय सांगसान?" सोनूनं टेबलावरचं आपलं पेन उचललं, टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि बाहेर गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मी त्याच्याच गाडीवर आलो होतो. तो आवाज फाटकापर्यंत, मग रस्त्यावर, मग ट्रकांच्या आवाजात मिसळून गेला.

मी बाहेर आलो. आवारात कडुनिंबाखाली जरा सावली होती. मागून बादल आला. मला वाटलं आता खांद्यावर हात ठेवील, 'जाऊ दे बे अमऱ्या' म्हणेल, आणि तो हात कसा झटकायचा हे मी ठरवूनही ठेवलं. त्यानं हात ठेवला नाही.

"तुले कोनं सांगितलं होतं मंधात तोंड घालाले?"

"खरं ते सांगितलं."

"खरं मले रविवारीच माहीत होतं. श्रावण सांगून गेलता. मी बोललो काय कोनापाशी? बोललो काय?" त्याचा आवाज चढला होता. बादलचा आवाज. "तुले काय वाटते, मी तुले वाचवून राह्यलो होतो? मी काय देव हाय? अबे, मले मॅच पाह्यजे होती. तुयासंग. पानी मारलेल्या ग्राउंडवर, एका टायमाले, साफ मॅच. सहा गोल मारले आमी, पन पोट्टे खुश नाही, मी खुश नाही, कोनी मनातून खुश नाही. तू तेबी खाल्लं. आता जनमभर लोकं म्हनतीन, पस्तीस मिनटानं गेले वर."

त्याच्या मानेची शीर फुगली होती. कपाळावर घाम आला होता. तीस वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं, गुडघा गेला तेव्हाही तो मोसंबी सोलत हसत होता. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. या माणसालाही हवं असतं. हाही तळमळतो, आणि तेही माझ्यापायी. मी त्याच्या त्या फुगलेल्या शिरेकडे पाहत राहिलो. एवढं सुख मला निवड झाली असती तरी झालं नसतं.

मग तो जरा शांत झाला. खाली पाहून चपलेनं निंबाचा पाला बाजूला करत म्हणाला, "आता मी वर आन् तू खाली. दोन साल तुले बंदी. सोनू तं चालला सोडून. आमी काई लवकर खाली येत नाही, पोट्टे चांगले हाय." त्यानं मान वर केली. "मंग आपली मॅच कवा?"

मला वाटलं तो टोमणा मारतो आहे. पण तो खरंच उत्तराची वाट पाहत उभा होता. मी मनात वर्षं मोजू लागलो, दोन, मग आणखी दोन, मग तो किती वर्षांचा होईल आणि मी किती, त्याची अकरा महिन्यांची ऑर्डर तोवर राहील की नाही. दर मोसमात सामन्यांची यादी आली की मी आधी बाभुळगावची तारीख पाहायचो आणि बाकीची सहा नावं नंतर वाचायचो. पुढच्या यादीत ते नाव नसणार. मग मी काय वाचणार?

"सांग न बे," बादल म्हणाला. "कवा?"

मला त्याच्याशी खेळायचं होतं. मैदानात त्याच्यासमोर उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं, वर नको आणि खाली नको. हे मला तिथं, त्या निंबाखाली, पहिल्यांदा कळलं, आणि ते त्याला सांगायला माझी जीभ रेटेना.